चिंधी बांधलेलं वांगं

मु. पो. आत्याचा मळा, सटाण्याजवळ
मे अखेर

ती. मोहिनीताईस,

धाकट्या ललितचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून घोटीच्या बाजारापर्यंत ऐकू येतो? आम्ही इकडे धोंडाआत्याच्या मळ्यात खुशाल आहोत. (आम्ही म्हणजे मी एकटाच. गंगापूर रोडवरच्या घरच्यांनी "जरा चार दिवस जाऊन या" असं एकमुखाने सुचवलं.)

उन्हाळा सरत आला तरी मळा काही आवरतं घेत नाही. सकाळी खरबुजं, दुपारी आंबे आणि मधल्या वेळेत माझे प्रश्न. निवृत्त झाल्यापासून माझी जिज्ञासा फार वाढली आहे. खरबूज पिकलं की देठापासून आपोआप सुटतं, हे मला साठ वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं! मी अकरा खरबुजं हलवून पाहिली. (सात सुटली. चार मी सोडवली.) गवार तोडताना खाज का सुटते, हेही विचारलं. आत्या म्हणाली, "तोडी देख." तोडून पाहिली. सुटते.

परवा वांग्याच्या वाफ्यात एक नवल दिसलं. बाकी झाडं उपटून झालेली, एकच उभं, त्यावर एकच वांगं, चांगलं नारळाएवढं, पिवळं धमक आणि देठाला लाल चिंधी बांधलेली. एवढं नटवून ठेवलंय म्हणजे पाहुण्यासाठीच असणार, आणि मळ्यात पाहुणा तर मीच. आत्या देवळात गेली होती, चुलीत निखारे होते. मी भरीत केलं. नुसत्या बिया, वर कडू. तरी अन्नाचा अपमान नको म्हणून संपवलं.

ते बियाण्याचं वांगं होतं, ताई. आत्याच्या सासूने माहेरून आणलेली जात. दर उन्हाळ्यात सर्वांत सरस फळाला चिंधी बांधायची, म्हणजे कुणी हात लावत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. जुनं बी यंदा पेरून संपलेलं, आणि भाजलेलं बी उगवत नाही, हे ज्ञानही मला त्याच दिवशी झालं. आत्या रागावली नाही. नुसती राख उकरत बसली. मला इतकी लाज वाटली की रात्री जेवण गेलं नाही. (भरीत भरपूर झालं होतं, ते वेगळं.)

दाजींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझा, अजूनही शहाणा न झालेला भाऊ,
ललित

ता. क. फोन करत नाही, कारण आत्या सतत शेजारीच असते. चार वर्षांपूर्वी तिने तुला ह्याच वांग्याचं बी पुडीत बांधून दिलं होतं. त्यातलं चिमूटभर तरी पाऊस लागायच्या आत पाठव. ह्या जातीचं आता जगात दुसरीकडे कुठेच काही नाही.

आणखी एक. तुझ्याकडे गुपचूप बी मागतोय, हे न राहवून आत्ता आत्यालाच सांगून टाकलं, तर ती चक्क हसली. "कसाले घाबरस? मोहिनीकडे शे ना! दर दिवाळीले सांगस ती, परसात मस्त वांगी लागतस." आणि निर्धास्त होऊन झोपली. ताई, मागच्या दिवाळीत मी चारही दिवस सकाळचा चहा तुझ्या परसातच घेतला. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी आहे. वांगी तू नेमकी कुठे लावतेस?