पोत्याखालचं मशीन

२ नोव्हेंबर

मिथुनचं मशीन सकाळपासून किंचाळतंय. सर्व्हर म्हणतो तो त्याला. डहाणूच्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेलं, याने आणून भाताच्या कणगीशेजारी मांडलं. अख्ख्या पाड्याचे फोटो, लग्नं, सगळं त्यात. आज बोललोच त्याला — मी घरात राहू की गोठ्यात? पोरगा जेवला कमी. उगाच बोललो.

७ नोव्हेंबर

पंखे बदलले. जुने काडेपेटीएवढे, जीव खाऊन फिरायचे. नवे बशीएवढे, सावकाश फिरतात. मिथुन म्हणाला, मोठा पंखा हळू फिरला तरी वारा पुरतो, फक्त पुढची जाळी मोकळी पाहिजे आणि धूळ नको. मी मान हलवली.

रखमी, मिथुनची आई, म्हणते, "आता तुझं घोरणं ऐकू येतंय."

८ नोव्हेंबर

शांत. चालू आहे की बंद, तेच कळत नाही. माझ्यासाठी पोराने केवढा खटाटोप केला.

१२ नोव्हेंबर

कसं लिहू. आज अंगणात भात झोडलं. कोंडा उडून घरात येत होता. मिथुन तलासरीला कामावर. मशीन गप्प होतं, मला वाटलं बंद करून गेलाय. धूळ नको म्हणाला होता, तेवढंच डोक्यात. गोणपाटाचं पोतं टाकलं, चारी बाजूंनी नीट खोचलंसुद्धा.

दुपारी पोतं उचललं तर मशीन तव्यासारखं तापलेलं. जळका वास. पोतं नेऊन गोठ्यात गवताखाली लपवलं. मिथुन यायच्या आत. लपवलं कशाला?

१३ नोव्हेंबर

आत दोन डिस्क होत्या, दोन्हींत तेच सगळं. एक आधीच गेली होती, तिच्या जागी नवी यायची होती. दुसरी आता उठत नाही. फोटो ज्याच्या त्याच्या फोनात सापडतील. पण बायजीची गाणी फक्त त्यातच होती.

बायजी आमची धवलेरी, पाड्यातली लग्नं तीच लावते. माझ्या पोरीच्या, जयश्रीच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत तिने जे गायलं ते सगळं मिथुनने टिपलं होतं. फोन भरला म्हणून तिथून काढून टाकलेलं. बायजीचे दात गेलेत, बोलताना दम लागतो. तिच्यामागे शिकलेली कोणी नाही.

त्या लग्नात आई-बापाच्या जागी आम्ही नव्हतो. माझा भाऊ आणि त्याची बायको बसली. का, ते कशाला लिहू.

मिथुन म्हणतो, "माझंच चुकलं बाबा. वारा कमी पडला." मी चहा पीत राहिलो. खाली बघून.

१६ नोव्हेंबर

मिथुन डिस्क घेऊन वापीला जाऊन आला. तिथला माणूस म्हणाला, "आमां कंई नहीं नीकळे." काही निघणार नाही.

गोठ्यात गेलो की गवताकडे बघवत नाही.

१९ नोव्हेंबर

बायजीकडे गेलो. पुन्हा गाशील का, मिथुन टिपून घेईल, म्हटलं.

"काय रं, मी काय रेडिओ हाय? भितीवर लग्नाचा चौक लिवलेला नाय, नवरा-नवरी नाय, नि गाऊ कोणासाठी? देव यायचे नि रिकामा मांडव बघून परत जायचे."

"मग कोणाच्या लग्नात गा."

"यंदा पाड्यात कोणाचं लगीन हाय, सांग. पुढल्या साली मी हाय का नाय."

परतताना ओढ्याशी बराच वेळ बसलो.

२१ नोव्हेंबर

मिथुनला सांगितलं. पोतं आणून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "तुला कळणार तरी कसं, बाबा? आवाज मीच काढून घेतला."

चिडला असता तर बरं होतं.

२२ नोव्हेंबर

काही सुचत नाही. मिथुनने नव्या डिस्क आणून ठेवल्यात. रिकाम्या.

२४ नोव्हेंबर

आज रखमीला विचारलं.

आम्ही घर मांडलं त्या साली माझा बाप गेला. लग्न पुढच्या साली लावू म्हटलं. मग मुलं झाली, मग नातवंडं. लावायचं राहूनच गेलं. लग्न न लागलेल्यांनी मांडवात आई-बाप म्हणून बसायचं नसतं, म्हणून जयश्रीच्या मांडवात ती बायकांच्या मागे बसली होती. कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

ती तांदूळ पाखडत होती. हात थांबला नाही.

"गाण्यांसाठी विचारतोस, की माझ्यासाठी?"

"दोन्हीसाठी," म्हटलं. खोटं कशाला बोलू.

पाखडून झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"ते पोतं झटकून ठेव. बायजीला बसायला लागेल."