तिसऱ्या गाण्यातला तुझा आवाज

अप्रिय निषाद,

अमेरिकेत स्टेट कॉलेज गावातल्या त्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग मी केलं होतं, जॅकेटमध्ये माइक लपवून. ब्रेकअपनंतर टेप तू उचलून नेलीस. आता बँडने त्याचाच लाइव्ह अल्बम काढलाय आणि कव्हरवर 'रेकॉर्डिंग' म्हणून नाव तुझं!

आज आपल्या फॅन ग्रुपमध्ये सगळे मिळून तो ऐकताहेत आणि तू त्या जादुई रात्रीच्या बाता मारतोयस. पण तिसऱ्या गाण्यात गिटार हळू होते, तिथे माइकजवळ कुणीतरी मराठीत बोलतं. सगळे अमेरिकन विचारताहेत, हा काय म्हणतोय?

"इला, काय भंगार बँड आहे यार! बंद कर ना तुझं रेकॉर्डिंग, पिझ्झा खायला जाऊ."

हे पत्र तुला पाठवणार नाही. ग्रुपवर भाषांतर पाठवलंय.

जॅकेटवाली,
इला