कृपादान मास्तरांचा अडुळसा

अहमदनगर,
१२ जानेवारी १९४४

प्रिय दयामावशीस,

विल्सनचा सप्रेम सलाम. देवदयेने मी धडधाकट आहे. शेवगावची थंडी तुझ्या गुडघ्यांशी कशी वागते आहे, ते कळव.

लढाईमुळे खोकल्याचं विलायती औषध यायचं थांबलंय आणि वॉर्डातली पोरं खोकून बेजार आहेत. म्हणून डॉक्टरांनी मला (दवाखान्यात रसायनं हाताळणारा मी एकटाच, आणि तोही भीत भीत) हुकूम केला, की रानातला अडुळसा जोरकस की बागेतला, ते तपासून सांग. रानातला मी डोंगरावरून आणला (विजारीचा अर्धा पाय काटेरी झुडपानं ठेवून घेतला). बागेतला दिला शेजारच्या कृपादान मास्तरांनी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते त्या अडुळशाला नातवासारखं पाणी पाजतात आणि दर रविवारी चर्चबाहेर त्याची थोरवी सांगतात.

दोन्हींचा अर्क काढला. नळीत थोडा घेऊन त्यात रसायनाचा थेंब टाकला, की जितकं सत्त्व जास्त तितका तो गढुळतो. रानातला ताकासारखा झाला. मास्तरांचा विहिरीच्या पाण्यासारखा राहिला. मास्तर कोट घालून समोरच बसलेले. "नळीला काय कळतंय? जिभेला विचार," म्हणाले, आणि मी अडवेपर्यंत उरलेल्या अर्काचा एक पेला त्यांनी रिकामा केला. मावशी, तो रानातला होता. ते तडक मोरीकडे धावले, पोट रिकामं करून आले आणि धापा टाकत म्हणाले, "बघ. याला म्हणतात माझा अडुळसा."

त्यांची मुलगी रोझी (आमच्याकडेच नर्स आहे) माझ्याकडे बघत होती. गप्प बसावंसं फार वाटलं. पण पोरांना नुसतं पाणी पाजून कसं भागणार? मी खरं सांगितलं. मास्तर उठून निघून गेले. पुढे आठवडाभर त्यांनी माझा सलाम घेतला नाही. काल मात्र खांद्यावर कुदळ घेऊन दारात उभे. "डोंगर दाखव," म्हणाले. "रोपं आणू. या खेपेला पाणी बेतानं घालीन." दिवसभर आम्ही खणत होतो. उतरताना त्यांनी माझा हात धरला (वाट निसरडी होती, तरी धरला).

तुझा,
विल्सन

ता. क. तू लवकर नगरला ये आणि मास्तरांकडे माझ्यासाठी रोझीला मागणी घाल. तुझा शब्द ते मोडणार नाहीत.

आणखी एक. रोझीला मी अजून काही विचारलेलं नाही. तेही तूच विचार, आणि आधी विचार. नाही म्हणाली, तर मास्तरांना कळू देऊ नकोस. आमचा अजून एक वाफा लावायचा राहिलाय.