चंद्राला कोण ओढतं

४ नोव्हें., मंगळ.
अंधेरीच्या स्टुडिओत नवी स्क्रिप्ट. गुरूच्या एका चंद्रावर जीवसृष्टी असेल का, यावरची फिल्म. मराठी भाषांतर मी करायचं. वर कित्येक किलोमीटर जाड बर्फ, खाली समुद्र. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांहून जास्त पाणी. वाचता वाचता चहा गार. इतकी वर्षं आकाशाकडे काय बघत होते मी?

६ नोव्हें.
बाबांना मनोरीला फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन नकोच. "तुजी आय गेली, आता बघू कोनाला?" त्यांनी फोन ठेवलाच. आठ महिने हेच चाललंय. राग येतो, मग रडू.

९ नोव्हें., रवि.
मार्वेहून बोटीने मनोरी. बाबा ओटीवर, समुद्राकडे पाठ करून. जन्मभर होडी चालवलेला माणूस. बोलेनात, म्हणून आपली स्क्रिप्टच वाचायला घेतली. "चंद्राच्या ओढीने तिथल्या समुद्राला भरती येते..."
"थांब. चंद्राला चंद्र कसा ओढंल, बाय?"
वाट लागली. सवयीने लिहून गेले होते. तिथे ओढतो तो गुरू. त्या ओढाताणीनेच आत ऊब राहते, पाणी गोठत नाही. स्टुडिओत तिघांनी वाचलं होतं, एकाच्याही लक्षात आलं नाही.
मग बाबा वळले माझ्याकडे. "मंग तिथं मासली हाय?"
"माहीत नाही. यान निघालंय. २०३० मध्ये पोचेल."
बोटांवर काहीतरी मोजत बसले. काय, ते सांगितलं नाही.

१४ नोव्हें.
चूक सुधारली. त्या चंद्रावरून गुरू केवढा दिसतो ते शोधलं. आपल्या पूर्ण चंद्राच्या चोवीसपट रुंद, आणि आकाशात जागचा हलत नाही. अंगावर काटा आला. नाहूर स्टेशनचा पूल उतरताना मान वर करून चालत होते, एका बाईंना धडकले. तिथल्या बर्फाखालच्या काळोखात काही पोहत असेल तर...

२० नोव्हें., गुरु. अमावास्या.
बाबांचा फोन. स्वतःहून. धक्क्यावर जाऊन आले. नीट दिसलं नाही, पायानेच पाणी अजमावलं. तिसऱ्या पायरीपर्यंत उधाण.
"तिथं उधान कंदी असतं?"
"दर साडेतीन दिवसांनी."
 
"मासली गावली तर टीव्हीवर दाखवतील?"
"दाखवतील. पण नसेलही, बाबा."
"नसली तरी बघाया पायजे ना." मग ठेवता ठेवता, "डोल्यांची तारीख कंची बोललेलीस?"
तारीख मी घेतलीच नव्हती. दवाखाना सकाळी नऊला उघडतो.