आडव्या पडलेल्या चौघींविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, अविवाहित, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली खेळशिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. माझ्या शुद्धीबद्दल ज्यांना शंका येईल त्यांच्यासाठी शेजारच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी आज सकाळी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत न अडखळता पोहोचले. मध्ये एकदा त्याच चुकल्या.

सहा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात घर होते, ठेवी होत्या, भांडीकुंडीसुद्धा होती. सांगायचे होते तेवढे मात्र नव्हते.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळका नळ असलेले न्हाणीघर, माझ्या मृत्यूनंतर माझ्या पुतणीच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. ती लांब पल्ल्याच्या शर्यती पळते आणि मुलींना शिकवते. आठवड्यातून दोनदा सकाळी वीस किलोमीटर पळून ती माझ्या दारातल्या पायरीवर बूट काढत बसते आणि आत ओरडते, "आत्या, चहा टाक गं!" तिला रस्त्यात कोणी अडवत नाही, कोणी कागद मागत नाही. मला तिचे कौतुक वाटते असे ती समजते. कौतुक आहेच, पण खरे सांगायचे तर मी तिचा हेवा करते. इतकी वर्षे तोंडातून निघाले नाही, म्हणून इथे लिहिले. घरासोबत तिच्यावर एक काम सोपवले आहे, ते कलम ५ मध्ये आहे.

कलम २. जेवणाचे टेबल आणि चार खुर्च्या पुतण्याला द्याव्यात. त्यातली हात असलेली खुर्ची त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे मला शर्यतीत उतरायचे तर परवानगीच्या कागदावर भावाची सही लागे. बाप, भाऊ नाहीतर नवरा, तिघांपैकी एकाची सही नसली की मुलीला मैदानाच्या फाटकातूनच परत पाठवत. भावाने सही केली, हे त्याचे उपकार मी मानते. वर्तमानपत्रात माझा फोटो आला त्या दिवशी त्याने माझे धावायचे बूट चुलीत घातले, हे मात्र मी विसरलेले नाही. दोन दिवस घरभर रबराचा वास होता.

पुतण्या मला परवा म्हणाला, "आत्या, हे सगळं चव्हाट्यावर कशाला मांडतेस? गेलं ते गेलं." त्याचे काहीच गेले नाही, म्हणून त्याला हे सोपे आहे. तरी पोरगा मनाने वाईट नाही. खुर्चीचा डावा पाय हलतो, तेवढा ठोकून घ्यावा.

कलम ३. बँकेत जी काही शिल्लक निघेल ती माझ्या जुन्या शाळेला द्यावी. तिच्या व्याजातून दरवर्षी मुलींच्या खेळाच्या चड्ड्या शिवून घ्याव्यात. काळ्या, निळ्या, तपकिरी, कोणत्याही गडद रंगाच्या चालतील. पांढऱ्या नकोत. दुकानदार फुकट देत असला तरी नकोत.

कलम ४. मोजपट्टी आणि सेकंदाचे घड्याळ पुतणी शिकवते त्या मुलींना द्यावे. घड्याळ तीन-चार दिवसांनी थोडे मागे पडते, पण शर्यतीपुरते चोख आहे.

शिट्टी कोणालाही देऊ नये. ती हातोडीने ठेचून टाकावी. चौतीस वर्षे मी ती गळ्यात घातली, शाळेत मला सगळे शिट्टीबाईच म्हणत. त्यातली पहिली एकोणीस वर्षे नियम होता की मुलीने अर्ध्या फेरीपेक्षा जास्त पळायचे नाही. अर्धी फेरी झाली की मी शिट्टी मारायची आणि मुलींनी थांबायचे. एक मुलगी ऐकायचीच नाही. एकदा तर दीड फेरी मारून आली आणि माझ्यासमोर उभी राहून हसत म्हणाली, "बाई, मी दमलेच नाही हो." मी तिला दोन दिवस मैदानाबाहेर बसवले. वर तिच्यापुढे खेळशिक्षकांची मार्गदर्शिका उघडली आणि त्यातले छायाचित्र दाखवले: चार मुली गवतावर आडव्या पडल्या आहेत. म्हटले, "बघ, असं होतं." त्या चौघींपैकी एक मी होते. मुलीने मला ओळखले नाही. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही, आणि पुढे तिने खेळ सोडला. आता ती कुठे आहे हे मला माहीत नाही. भेटली तर तिला हे कलम दाखवावे.

कलम ५. तेच छायाचित्र क्रीडा मंडळाच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आजही लावलेले आहे. खाली ओळ आहे : 'स्त्रियांच्या दोन फेऱ्यांच्या पहिल्या शर्यतीनंतर कोसळलेल्या खेळाडू.' हे खोटे आहे. खरे काय ते मी इथे लिहिते. वकीलसाहेबांनी मजकूर वाचून चष्मा काढला आणि विचारले, "आजी, तो शब्द मृत्युपत्रात हवाच का?" मी म्हटले, हवाच. तो शब्द तेव्हा माझ्या तोंडून निघाला नाही, म्हणून तर हे सगळे झाले.

बासष्ट वर्षांपूर्वी आम्ही सात मुली त्या शर्यतीत उतरलो. मैदान आम्हाला मुलांचा सराव संपल्यावर मिळे. कपडे बदलायला खोली नव्हती, जाळ्या आणि फुटके चेंडू ठेवायच्या अडगळीत आम्ही आळीपाळीने दार धरून उभ्या राहायचो. समितीने आम्हाला पांढऱ्या चड्ड्या ठरवून दिल्या होत्या. त्या समितीत एकही बाई नव्हती.

आमच्यात एक लांब तंगड्यांची मुलगी होती, तिला आम्ही उंटीण म्हणायचो. ती मला गोगलगाय म्हणायची. अर्धी फेरी झाली की बाकीच्यांना दम लागायचा आणि तिचे अंग तिथून पुढे तापायचे. ती शर्यत तिने जिंकली, आणि अशी की दुसरी मुलगी वळणावर असताना ही रेघ ओलांडून उभी होती.

मी चौथी आले. शेवटच्या वळणावर मला कळले की माझी पाळी आली आहे, चार दिवस आधी. रेघेपलीकडे छायाचित्रकार कॅमेरा लावून उभा होता, मागे दोन-अडीच हजार पुरुष. रेघ ओलांडली तशी मी होते तिथेच गवतावर बसले आणि पाय पोटाशी घेतले. उंटीण पाणी पीत होती. तिने एकदाच माझ्याकडे बघितले आणि भांडे टाकून धावत आली. "उठू नकोस. पडून राहा," म्हणाली आणि माझ्या मागे अंग टाकून आडवी झाली. मग बाकीच्यांना हाक मारली, "आडव्या व्हा गं! बघता काय!" वेण्यांवाली आणि शिंप्याची मुलगी, दोघी काही न विचारता येऊन माझ्या पुढे पडल्या. अशी त्यांनी मला पुढून-मागून झाकली. कॅमेऱ्याचा आवाज झाला तेव्हा उंटीण माझ्या कानात हसत होती. ते हसू छायाचित्रात तोंड वासल्यासारखे दिसते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला की हे अंतर स्त्रीच्या देहाला पेलत नाही. जिंकलेली मुलगीसुद्धा कोसळली, मग बाकीच्यांचे काय, असे समितीतल्या डॉक्टरांनी लिहून दिले. गर्भाशय सरकते, असेही लिहिले. त्याच दिवशी पुरुषांच्या शर्यतीनंतर तिघे ओकले होते आणि एकाला उचलून न्यावे लागले होते. त्यांचा फोटो कोणी काढला नाही. चौथ्या दिवशी ठराव झाला आणि मुलींच्या लांब शर्यती बंद पडल्या.

त्या संध्याकाळी उंटीण माझ्या घरी आली. "चल, जाऊन सांगू. दोन मिनिटांचं काम आहे."

"काय सांगणार?"

"खरं ते."

"एवढ्या पुरुषांसमोर?"

"मी सांगते. तू बाहेर उभी राहा."

मी तिचा हात धरला आणि तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. तिने हात सोडवून घेतला. मग "बरं" एवढेच म्हणाली आणि गेली.

बंदी एकवीस वर्षे टिकली. उठली तेव्हा उंटीण एक्केचाळीस वर्षांची होती. मधली सगळी वर्षे तिने टेलिफोन कचेरीत खुर्चीवर बसून काढली. मला मात्र खेळशिक्षिकेची नोकरी मिळाली. तिने मला कधी बोल लावला नाही, फक्त येणेजाणे सोडले. शपथ तिने पाळली. मी तिची शर्यत खाल्ली, आणि वर पगार घेतला.

गेल्या वर्षी मी मंडळाच्या चिटणीसांना भेटून ती ओळ बदला म्हटले. ते गोड हसले. "आजी, ते छायाचित्र ऐतिहासिक आहे. इतक्या वर्षांनी आपली आठवण पुरावा म्हणून कशी धरायची? पडलेल्यांपैकी आणखी कोणाचा लेखी जबाब आणा, मग बघू." वेण्यांवाली आणि शिंप्याची मुलगी दोघीही आता हयात नाहीत.

म्हणून पुतणीने हे मृत्युपत्र मंडळाच्या वार्षिक सभेत कलम ३ पासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचावे, एकही शब्द न गाळता, आणि ती ओळ बदलेपर्यंत दरवर्षी वाचावे.

कलम ६. उंटिणीला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. घरातला कोपरा नाही, पैसा नाही, घड्याळसुद्धा नाही. पुतणीला हे वाचून माझा राग येईल, म्हणून कारण लिहिते.

तीन महिन्यांपूर्वी मी तिला शोधत वृद्धांच्या निवासात गेले. तिची खोली तळमजल्यावर आहे, खिडकीतून उभ्या केलेल्या गाड्या दिसतात. ती पलंगावर बसली होती, पायांवर चादर. मी दारातच रडायला लागले. म्हटले, "शपथ सोडवायला आले गं."

ती म्हणाली, "बासष्ट वर्षं लावलीस? गोगलगाय ती गोगलगायच."

मी तिला सांगितले की माझे घर तुझ्या नावावर करते. वकीलसाहेबांनी मात्र अडवले: ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेले बाद होते. एक तर तिला घर, नाहीतर तिची सही. मी दुसऱ्यांदा जाऊन तिलाच विचारले. तिने चादर बाजूला केली आणि सुजलेले गुडघे दाखवले. "या तंगड्यांना तुझं घर काय करायचंय? कागद आण. पण खाली जागा सोड, मला दोन ओळी लिहायच्यात."

तिने मागितले असते तर मी तिला सगळे दिले असते. जे द्यायचे होते ते देण्याची वेळ कधीच गेली.

कलम ७. मृत्यूनंतर माझ्यासाठी कोणी भाषण करू नये. पुतणीला वाटले तर तिने त्या दिवशी पळायला जावे. किती पळायचे ते तिचे तिने ठरवावे.

अंमलबजावणीचा सर्व अधिकार पुतणीला दिला आहे. हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते मला समजले, त्यातले सर्व खरे आहे.

ठिकाण : वृद्धांचे निवास, तळमजला, खिडकीची खोली.
दिनांक : २३ फेब्रुवारी, दुपारी चार.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली : यांनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. वजाबाकीत माझीच चूक झाली होती, हेही खरे. (सही) शेजारच्या डॉक्टरीणबाई

साक्षीदार दुसरी : हिने माझ्यासमोर सही केली. त्या चौघींत मीही होते. वर लिहिलंय ते सगळं तसंच घडलं, मी स्वतः आडवी झाले. मी दमले नव्हते. आणखी दोन फेऱ्या सहज मारल्या असत्या. (सही) उंटीण