कूलरखालचा पापुद्रा

सूनबाई,

तुझा संगणक आता मध्येच बंद पडणार नाही. पुलाचे आराखडे आज संध्याकाळपर्यंत पाठवता येतील. चहा थर्मासमध्ये आहे.

दोष तुझ्या कामाचा नव्हता, माझा होता. प्रोसेसर थंड ठेवणारा तो कूलर निवडण्यासाठी मी नऊ दिवस तक्ते आखले. एकाच कंपनीचे अकरा कूलर. त्यांत ‘प्लस’ हा साध्याहून लहान आणि तिसरी आवृत्ती दुसरीच्या आधी बाजारात आलेली! एखाद्या राजघराण्याने अशी वंशावळ पुढे केली असती, तर मी ती बनावट ठरवली असती. कंपनीला तसे तीन पानी पत्रही मी धाडले. कूलरच्या तळाला चिकटलेल्या पारदर्शक पापुद्र्यावर मात्र एकच ओळ होती: ‘बसवण्यापूर्वी काढा.’ ती मी वाचली नाही; पापुद्र्यासकट कूलर बसवला आणि प्रोसेसर तापत राहिला. पोथ्यांच्या समासातल्या मुंगीएवढ्या टिपा वाचण्यात माझी हयात गेली आहे.

“बाबा, कूलर नीट बसलाय ना?” असे तू दोनदा विचारलेस. “आधी स्वतःचं काम नीट कर, मग मला शिकव,” असे मी पाहुण्यांदेखत म्हणालो. ते हसले.

आज उशिराबद्दल क्षमा मागायला तू साहेबांकडे गेलीस, तेव्हा मी कूलर काढून पाहिला. पापुद्रा सोलला, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, दोन तास संगणक चालवून पाहिला.

आता त्या पाहुण्यांकडे चूक कोणाची होती ते सांगायला निघालो आहे. फोनवर उरकता आले असते, पण तुझा अपमान मी समोरासमोर केला होता. म्हणूनच तुझी माफीही या चिठ्ठीत मागत नाही. परत आल्यावर मागेन.

बाबा