तिसरा शब्द

अप्पा, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटसमोर स्मरणशक्ती तपासायचा कागद घेऊन बसले की पहिला प्रश्न विचारण्याआधी मी अजून पेनाचं टोपण उगाच उघडझाक करत राहते. आज वार कोणता? आपण कुठं आहोत? तीन शब्द सांगते, थोड्या वेळानं परत विचारीन. शिकत असताना आमच्या मोठ्या सिस्टरनी मला एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं, "उत्तर त्यांच्या तोंडात घालू नकोस. चुकू दे त्यांना. चूक दिसली तरच पुढचं काही करता येतं."

तुम्ही गेलात त्या वर्षीच्या दुष्काळात दादानं आपली मेंढरं विकली आणि तुम्हाला माझ्याकडं, वाळूजच्या खोलीवर आणून सोडलं. महिनाभरात तुम्ही दोनदा चहात मीठ घातलंत, एकदा आत्या समजून मला हाक मारलीत. म्हणून त्या सकाळी, ड्यूटीला निघण्याआधी, मी तुमच्यासमोर बसले. अजून दिसतंय मला. तुम्ही स्टोव्हजवळ उकिडवे बसलाय, हातात बशी, "परीक्षा घेती का माय?" म्हणून हसताय. वार बरोबर सांगता. मी खूश होते, विचारते, "कसं ओळखलं?" "टँकर आलाय नव्हं. म्हंजी मंगळवार." लिंबू, चावी, घोंगडी, हे माझे तीन शब्द. चहा संपल्यावर परत विचारते. "लिंबू... चावी..." आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहता. जन्मभर खांद्यावर वागवलेली घोंगडी तुम्हाला सापडत नाही. मी म्हणाले, "घों..." तुम्ही लगेच म्हणालात, "घोंगडी!" "सगळं बरोबर, अप्पा," मी म्हणाले. चपला घालत होते तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, "मेंढरं पाण्यावर नेली का गं?" मी "व्हय" म्हणाले आणि निघाले.

दुपारी शेजारच्या काकूंनी तुम्हाला काठी घेऊन जाताना पाहिलं. त्यांना वाटलं, पाय मोकळे करायला निघालेत. पूर्वी मेंढरं घेऊन तुम्ही वाळूजबाहेरच्या ज्या माळावर उतरायचात, तिथं आता प्लॉटचे दगड रोवलेले होते, आणि पलीकडचं तळं कोरडंठाक. संध्याकाळी, निरोप मिळून शोधायला आलेल्या दादाला तुम्ही त्या भेगाळलेल्या तळ्यात सापडलात. अंग उन्हानं तापलेलं होतं, श्वास नव्हता.

"तू नर्स," दादा म्हणाला, "तुला कायच कळलं नाय?"

"नाय," मी म्हणाले.

कळलं होतं, अप्पा. दादाला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही. त्या सकाळी निघताना काकूंचं दार उघडं होतं, त्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. आज अप्पांकडं जरा लक्ष ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. नर्सचा बाप भ्रमिष्ट झालाय असं गल्लीत बोललं जायला नको, म्हणून मी नुसती हसले आणि पुढं गेले.